आजीच्या सारीपाटाची मोठी प्रत करायची आहे: माप, कापड, सोंगट्या

महालची नात | १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार. आम्ही नागपूरला महालात राहतो. माझी आजी ८६ वर्षांची आहे. लग्नात माहेरून तिनं एक सारीपाट आणला होता. लाल कापड, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली घरं, मागं अस्तर, चार टोकांना गोंडे. कोजागिरीला आणि दिवाळीच्या पाडव्याला तो हमखास निघायचा. उन्हाळ्यात तर रोज दुपारी कूलरसमोर डाव मांडलेला असायचा.

दीड वर्षापासून पट पेटीतच आहे. आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्या डोळ्याचा पडदा खराब आहे. त्या डोळ्यानं मधलं धूसर दिसतं, कडेचं थोडं दिसतं. कवड्या ती बोटांनी चाचपून मोजते, त्यात अजून चूक होत नाही. पण सोंगटी कोणत्या घरात बसली हे शेजारच्याला विचारावं लागतं. दोन-तीनदा विचारावं लागलं की ती उठून जाते. "दुसऱ्यानं सांगून खेळायचं तर मग माझा डाव कसला?" म्हणते.

म्हणून हाच पट मोठा करून हवा आहे. मोबाईलवर फोटो काढून बर्डीवरच्या एका दुकानात फ्लेक्सवर छापून घेतला. घरं धुरकट आली, एक पट्टा दुसऱ्यापेक्षा रुंद दिसतोय, आणि ट्यूबलाइटखाली फ्लेक्स इतका चमकतो की आजीला काहीच दिसत नाही. मूळ पटाचं एक घर १ इंचाचं आहे. कुठून सुरुवात करू?

---

कागदवाला | १४ जून, रात्री १०.५५

ताई, छपाईचं काम करतो म्हणून सांगतो. दुकानदाराची चूक कमी आहे, मुळात फोटोच मोठा करण्यासारखा नाही. मोबाईल जरासा तिरपा धरला तरी जवळची बाजू रुंद आणि लांबची अरुंद येते. छोट्या फोटोत ते डोळ्यांत भरत नाही, तीन फुटांवर गेलं की पट्टे वेगवेगळे दिसतात.

दुसरं म्हणजे ठिपके. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लहान बाजू साधारण ३००० पिक्सेल असते. तुमचा पट ३३ इंचांवर नेला तर इंचाला ९० च येतात, तेही फोटोत पट काठोकाठ बसला असेल तर. भिंतीवर लांबून पाहायच्या बॅनरला ९० चालतात. मांडीसमोर ठेवून पाहायच्या वस्तूला मी १५० च्या खाली जात नाही. शिवाय जुन्या कापडाच्या सुरकुत्या आणि डागसुद्धा त्याच हिशोबानं मोठे होतात.

झेरॉक्सवर मोठं करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: ए४ वरून ए३ म्हणजे १४१ टक्के. लांबी-रुंदी तेवढ्यानं वाढते, क्षेत्रफळ दुप्पट होतं. ग्राहक 'डबल करा' म्हणतात तेव्हा त्यांना यातलं नेमकं काय हवं आहे ते मी आधी विचारून घेतो.

---

रामनगरकर | १५ जून, सकाळी ८.१०

एवढी खटपट कशाला? मुलांसाठी जमिनीवर अंथरायचा मोठा लुडो बाजारात मिळतो. खेळ तर तोच आहे ना?

---

महालची नात | १५ जून, सकाळी ९.३०

दादा, तोच नाही. लुडो पचिसीवरूनच, म्हणजे आपल्या कवड्यांच्या सारीपाटावरूनच घेतलाय, इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं पेटंट झालं. पण लुडोच्या पट्ट्याला तीन ओळींत सहा-सहा घरं असतात, आमच्याकडे आठ-आठ. एका पट्ट्याची २४, चार पट्ट्यांची ९६, आणि मध्ये चौक. आजी घरं मोजत नाही, तिचा हात मोजतो. दहाचं दान पडलं की कुठं पोचायचं ते तिला पाठ आहे. सहाच्या पट्ट्यावर तिची सगळी मोजणी फसेल.

---

जुना ड्राफ्ट्समन | १५ जून, दुपारी १२.२०

पोरी, फोटो विसर. हा पट मोठा करायचा नाही, नव्यानं आखायचा. मी ३४ वर्षं नकाशे काढले, पट्टी-पेन्सिलीपासून संगणकापर्यंत. चित्र मोठं करताना त्यातल्या चुकाही मोठ्या होतात. आकडे मोठे केले तर चूक राहत नाही. आणि सारीपाट म्हणजे सरळ रेघाच.

हिशोब पाहा. एक पट्टा आठ घरांचा, मध्ये तीन घरांचा चौक, समोर पुन्हा आठ. एकूण १९. म्हणजे घराचं माप गुणिले १९ ही पटाची लांबी. घर १ इंचाचं तर पट १९ इंच, दीडचं तर साडेअठ्ठावीस, पावणेदोनचं तर सव्वातेहेतीस, दोनचं तर अडतीस.

आखायची रीतही सांगून ठेवतो. आधी मधली उभी-आडवी रेघ काढ आणि सगळी मापं मध्यापासून बाहेर घे. एका टोकापासून घर-घर मोजत गेलीस तर दर घराला केसभर चूक साठत जाते आणि एकोणिसाव्या घरापर्यंत पाव इंच सरकून बसते. मग चारही टोकांना घेणारा बाहेरचा चौरस काढून दोन्ही कर्ण मोज. सव्वातेहेतीसच्या चौरसाचा कर्ण ४७ इंच आला पाहिजे, आणि दोन्ही सारखे. कर्ण जुळत नाहीत तोवर आतली एकही रेघ मारू नको.

माप किती घ्यायचं, हे मात्र आजीच सांगेल. फतेहपूर सिक्रीला अंगणातल्या फरशीवर पचिसीचा पट आखलेला आहे. माणसं सोंगट्या होऊन उभी राहायची, असं सांगतात. तिथलं घर माणसाला उभं राहता यावं म्हणून तेवढं मोठं आहे. तुझ्या पटाचं घर आजीच्या डोळ्यांवर आणि हातावर ठरेल.

---

चष्मेघर | १५ जून, रात्री ८.४५

डोळ्यांच्या दुकानात बसतो, डॉक्टर नाही. पण अशी मंडळी रोज समोर असतात.

घर मोठं केलं आणि रेघ तशीच बारीक ठेवली तर उपयोग अर्धाच. रेघ जाड हवी आणि कापडाच्या रंगापासून स्पष्ट वेगळी हवी. फिक्या कापडावर काळी रेघ सर्वांत सोपी. लालवर पांढरी तरुण डोळ्यांना छान दिसते, पण म्हाताऱ्या डोळ्यांना कमी उजेडात गडद लाल काळपट वाटतो. चमक नकोच. फ्लेक्स, सॅटिन, लॅमिनेशन तिन्ही बाद. दिवा डोक्यावर नको, पाठीमागून एका बाजूनं पटावर पडेल असा ठेवा, म्हणजे डोळ्यांत उजेड येणार नाही.

आणि ताई, तुम्ही लिहिलंय की कवड्या त्या बोटांनी मोजतात. मग घरंसुद्धा बोटांना लागली तर? रेघ छापू नका, उठून येईल अशी करा.

---

महालची नात | १७ जून, रात्री ११.०५

चष्मेघर दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. पट उठावाचाच होणार.

माप आजीच सांगेल, असं ड्राफ्ट्समन काका म्हणाले होते, म्हणून आज आधी कागदावर करून पाहिलं. वर्तमानपत्रं चिकटवून त्यावर मार्करनं आखलं. पहिला पट सव्वादोन इंचाच्या घराचा, म्हणजे पावणेत्रेचाळीस इंच लांब. मला वाटलं, जेवढा मोठा तेवढा चांगला. आजी मांडी घालून बसली. जवळचा पट्टा तिला छान दिसला, आजूबाजूचेही. पण समोरच्या पट्ट्याच्या टोकाला सोंगटी ठेवायला ती पुढं वाकली आणि हात टेकावा लागला. दोन चालींनंतर म्हणाली, "कंबर दुखते. तू माझा पट माझ्यापासून दूर नेला."

मग पावणेदोन इंचाचा केला. समोरच्या टोकापर्यंत हात न टेकता पोचला. दीडचाही करून पाहिला, पण त्यात घरं चुकायला लागली. तर माप ठरलं: घर पावणेदोन इंच, पट सव्वातेहेतीस.

---

जुना ड्राफ्ट्समन | १८ जून, सकाळी ७.१५

शाब्बास. कागद वाया गेला नाही, कंबर वाचली. आणखी एक सुचवतो. बाहेरची किनार मूळ पटासारखी रुंद ठेवायची गरज नाही. मूळ पटाला किती आहे?

---

महालची नात | १८ जून, सकाळी ८.००

एक इंच, चारही बाजूंनी. पावणेदोन पट केली तर तीही पावणेदोन इंचाची होईल. तेवढी आजीच्या हातात आणि पटात विनाकारण येईल ना?

---

जुना ड्राफ्ट्समन | १८ जून, सकाळी ८.२०

तेच म्हणून राहिलो. घर वाढव, रेघ त्याहून जास्त वाढव, किनार कमी कर. सगळं एकाच पटीनं वाढवायचा नियम कोणी घातलेला नाही.

---

कागदवाला | १८ जून, सकाळी १०.३०

कापडावर थेट आखू नका. वास्तुविशारदांचे नकाशे काढतात त्या प्लॉटरवर फक्त रेघांचा नमुना साध्या कागदावर काढून घ्या. ए० कागद मागू नका, त्याची लहान बाजू ८४१ मिलिमीटर असते आणि तुमचा पट ८४४ होतो. तीन मिलिमीटरसाठी मशीन 'कागदात बसवून' काढेल आणि सगळं माप बिघडेल. ३६ इंची रोलवर काढायला सांगा आणि 'मूळ मापात, शंभर टक्के' असं ठणकावून सांगा. हातात आला की दुकानातच पट्टीनं मोजून घ्या.

---

टीपकाम | १८ जून, दुपारी ३.१५

मी शिवणकाम करते, नंदनवनला. ताई, कापड मांजरपाट घ्या, ब्लीच न केलेला, त्याचा रंग मुळातच फिका पिवळसर असतो आणि चमक नसते. गांधीबागच्या कापडबाजारात मिळतो. आणल्याबरोबर रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच हात लावा. मांजरपाट पहिल्या पाण्यात आटतो. पट शिवून झाल्यावर तो आटला तर घरं चौकोनी राहायची नाहीत.

रेघांसाठी पाव इंचाची काळी सुती फीत, दोन्ही काठांवरून टीप. नमुन्याखाली कार्बन ठेवून चाकाच्या टोचणीनं रेघा कापडावर उतरवून घ्या. मागं बक्रम (कडक कापड) लावा आणि त्यामागं अस्तर, म्हणजे पट सपाट पडेल आणि सोंगट्या डुलणार नाहीत.

---

अमरावतीची काकू | १९ जून, सकाळी ११.४०

फुल्यांचं काय केलंस गं? आमच्याकडे दर पट्ट्यावर तीन फुल्या. एक मधल्या ओळीच्या टोकाला, आणि दोन्ही बाजूंच्या ओळींत टोकाकडून काही घरं सोडून. चार पट्ट्यांच्या बारा. माझ्या सासरी मात्र बाजूच्या फुल्या एक घर अलीकडे होत्या, आणि सासूबाई आणि मी त्यावरून पहिल्या वर्षी बरंच बोललो. पुस्तकातलं काही पाहू नकोस. आजीच्या पटावर आहे तिथंच घाल.

---

महालची नात | १९ जून, दुपारी १.२०

काकू, बरं झालं सांगितलंत. मी इंटरनेटवरचं चित्र समोर ठेवून नमुना काढायला देणार होते. आता आजीचा पट उघडून मोजला, तिच्या फुल्या तुमच्या सासरसारख्या आहेत. आजी म्हणाली, "मग त्यांच्या सासूबाई बरोबर होत्या."

फुल्या लाल लोकरीच्या, भरून काढणार आहे.

---

रामनगरकर | १९ जून, रात्री ९.००

ताई, लुडोचं बोललो ते मागं घेतो. एक प्रश्न विचारू का? माझ्या मुलाकडे एक छापील खेळ आहे, घडीचा पुठ्ठ्याचा बोर्ड. त्याच्या शाळेतल्या मित्राला नीट दिसत नाही. तो बोर्ड मात्र चित्रांचा आहे, आखता यायचा नाही. काय करू?

---

कागदवाला | १९ जून, रात्री ९.५०

तो स्कॅनच करा, फोटो नको. ए४ स्कॅनरवर तुकड्या-तुकड्यानं, दर तुकडा शेजारच्यावर दीड-दोन इंच चढेल असा, सगळे एकाच दिशेनं ठेवून, ३०० ठिपक्यांवर. पावणेदोन पट केल्यावरही इंचाला १७० च्या वर उरतात. घडीची रेघ तुकड्याच्या मधोमध येऊ द्या, जोड तिच्यावर नको. मॅट कागदावर काढून सनबोर्डवर (फोमच्या कडक बोर्डवर) चिकटवा. घरच्या खेळासाठी एक प्रत. आणखी काढून वाटायला किंवा विकायला नको, तो कोणाच्या तरी कष्टाचा माल आहे.

---

महालची नात | २ ऑगस्ट, रात्री १०.१५

उशीर झाला, कारण एक पट उसवावा लागला.

कापड भिजवलं, वाळवलं, नमुना उतरवला, कर्ण जुळले. मग फीत लावताना मी एका टोकापासून सुरुवात केली. शिवून झाल्यावर मोजलं तर एक पट्टा साडेबत्तीसच्या हिशोबात, दुसरा बरोबर. मशीननं दर टिपेला कापड थोडं थोडं गोळा केलं होतं. डोळ्यांना फरक कळत नव्हता. आजीनं बोट फिरवलं आणि तिसऱ्या ओळीतच म्हणाली, "ही घरं बारीक आहेत."

---

टीपकाम | ३ ऑगस्ट, सकाळी १०.००

बक्रम शेवटी लावलंत ना? माझीच चूक झाली, क्रम सांगायला हवा होता. बक्रम आधी इस्त्रीनं चिकटवा, मग फीत. नुसतं कापड ओढलं जातं, बक्रम लावलेलं जात नाही. वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा, टाका जरा लांब ठेवा, आणि चौकापासून बाहेर शिवत जा. आधी सगळ्या उभ्या रेघा, इस्त्री, मग आडव्या.

---

महालची नात | ११ ऑगस्ट, रात्री ९.३०

जमलं! सव्वातेहेतीस, चारही बाजूंनी. किनारीला आजीच्या जुन्या नऊवारीचा काठ लावला, अर्धा इंच फक्त.

आता सोंगट्यांवर अडलेय. आजीला लाल, हिरवा, पिवळा, काळा हेच रंग हवेत. पिवळी सोंगटी या कापडावर दिसतच नाही. कापड गडद घेतलं असतं तर काळी गेली असती. आणि जुन्या सोंगट्या नव्या घरात हरवून जातात.

---

चष्मेघर | १२ ऑगस्ट, दुपारी २.००

पिवळ्या सोंगटीच्या पोटाला जाड काळा पट्टा द्या, मग ती कुठल्याही कापडावर दिसेल. हिरवा पोपटी घ्या, गर्द हिरवा आणि काळा एकमेकांत जातात. आणि रंगावर अवलंबून राहू नका, डोकी वेगळी करा: लाल गोल, काळी सपाट, हिरवीला वर खाच, पिवळी टोकदार. बोट ठेवलं की कळेल.

---

जुना ड्राफ्ट्समन | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६.४५

आपल्याकडे तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी करणारे सुतार आहेत. त्यांपैकी ज्याच्याकडे खराद (लाकूड फिरवून गोल करायचं यंत्र) असेल त्याच्याकडे जा, पण आत्ता नको, पोळा होईपर्यंत त्याला फुरसत नाही.

माप सांगतो. जुनी सोंगटी बुडाशी किती आहे? अर्धा इंच असेल तर पावणेदोन पट म्हणजे पाऊण इंचाच्याही वर जाईल. तसं करू नको. दोन सोंगट्यांचं जुग एका घरात बसलं पाहिजे. घर पावणेदोनचं, पण फीत पाव इंच खाते. आत उरतो दीड इंच. पाऊण-पाऊणच्या दोन ठेवल्या तर फितीला घासतील, एकीला उचलताना दुसरी पडेल. बूड १६ मिलिमीटर ठेव, दोन्ही मिळून ३२, आतली जागा ३८. उंची मात्र सव्वा इंच घे, म्हणजे पकडायला हात भरेल. बुडाला जाड नमदा चिकटव.

---

महालची नात | कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.५०

रात्री दीडपर्यंत खेळलो. गच्चीवर दूध आटवलं, आजीला गार वारा नको म्हणून पट खालच्या ओसरीवर मांडला, दिवा तिच्या उजव्या खांद्यामागं. सोंगट्या पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी मिळाल्या होत्या.

आजी आणि धाकटा काका एका बाजूला, मी आणि आई दुसऱ्या. सुरुवातीला ती प्रत्येक घरावर बोट ठेवत होती. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर बोट फक्त फुलीवर थांबायला लागलं. लोकर लागली की ती पुढं मोजते. एकदा काकानं तिची सोंगटी सरकवून द्यायला हात पुढं केला, तिनं त्याचा हात बाजूला केला आणि सात घरं स्वतः मोजून माझी लाल मारली. मी पाहतच राहिले, तिनं पटाकडे मान खाली घालून पाहिलंसुद्धा नव्हतं.

एक दुरुस्ती करायची आहे. पिवळी टोकदार सोंगटी तिच्या बोटाला टोचते, टोक घासून घेणार.

---

अमरावतीची काकू | त्याच दिवशी, सकाळी ९.१५

वाचून डोळे भरले गं. माझ्या सासूबाई आता नाहीत, पण त्यांच्या धाकट्या जाऊबाई आहेत, ८१ च्या. पाडव्याआधी एक पट त्यांच्यासाठी करते. फीत किती मीटर आणू?

---

महालची नात | त्याच दिवशी, सकाळी ९.४०

काकू, एका पट्ट्याला आठ घरं लांबीच्या चार रेघा, आणि तीन घरं रुंदीच्या नऊ, चौकाची कड धरून. म्हणजे ३२ आणि २७, एकूण ५९ घरं. चार पट्ट्यांची २३६. पावणेदोन इंचानं ४१३ इंच, साडेदहा मीटर. टोकं दुमडायला धरून १२ मीटर आणा. पण आधी वर्तमानपत्राचा पट करून त्यांना बसवून पाहा, त्यांचा हात माझ्या आजीपेक्षा आखूड असला तर माप बदलेल. फुल्या सासरच्या पटावरूनच घ्या.